खोटा कीबोर्ड, खरी खोडी

कीबोर्ड जोडला की कॉम्प्युटर कसलीही चौकशी करत नाही. पेनड्राइव्ह लावला तर अँटिव्हायरस हुंगून बघतो, नवं सॉफ्टवेअर टाकायचं तर अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो. पण यूएसबी पोर्टात काहीतरी खुपसलं आणि ते म्हणालं की मी कीबोर्ड आहे, तर पीसी त्याला मुकाट्याने घरात घेतो. त्याचाही नाइलाजच आहे म्हणा. परवानगीसाठी पासवर्ड मागायचा, तर तो टाइप कशावर करणार? २०१४ साली लास व्हेगासच्या ब्लॅक हॅट परिषदेत कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी 'बॅडयूएसबी' या नावाखाली दाखवलं की पेनड्राइव्हच्या आतला प्रोग्रॅम बदलूनही त्याचा कीबोर्ड करता येतो. आपल्याला इतकं खोलात शिरायचं नाही. दुकानात मिळणारा, आपल्याला प्रोग्रॅम करता येणारा आर्डुइनोसारखा छोटा बोर्ड घ्यायचा आणि त्याच्याकडून एवढीच खोडी करून घ्यायची की समोरचा दिवसभर स्वतःच्या बोटांवर संशय घेत बसेल. खोडी जितकी बारीक तितकी ती टिकते. स्क्रीनभर मजकूर ओतणारं यंत्र पहिल्याच मिनिटाला पकडलं जातं, शिवाय नुकसान करतं ते वेगळंच.

बोर्डापाशीच बरेच जण अडकतात. घरात पडलेला आर्डुइनो ऊनो इथे उपयोगाचा नाही. त्याच्या मुख्य चिपला, म्हणजे एटीमेगा ३२८पीला, यूएसबी बोलताच येत नाही. ते काम शेजारची दुसरी चिप करते, आणि स्वस्त नकलांवर ती बहुधा सीएच३४० असते. ही चिप जन्मभर सीरियल पोर्टच राहते, तिला कीबोर्ड होता येत नाही. आपल्याला हवी ती चिप एटीमेगा ३२यू४. हिच्या पोटातच यूएसबी आहे. ३२ केबी फ्लॅश मेमरीपैकी ४ केबी बूटलोडर, म्हणजे नवा प्रोग्रॅम आत घेणारा छोटा प्रोग्रॅम, खातो आणि २८,६७२ बाइट उरतात, ते आपल्या कामाला भरपूर झाले. सोबत २.५ केबी रॅम आणि १ केबी ईईप्रॉम, म्हणजे वीज गेली तरी टिकणारी मेमरी. ही ईईप्रॉम पुढे कामाला येणार आहे. ही चिप असलेले तीन बोर्ड सहज मिळतात: लिओनार्डो, प्रो मायक्रो आणि पेनड्राइव्हसारखा थेट पोर्टात बसणारा बीटल. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला 'बत्तीस यू चार' म्हटलं तरी दुकानदाराला समजतं.

प्रो मायक्रो घेताना एक गोष्ट तपासून घ्यावी. हा बोर्ड दोन प्रकारांत येतो, ५ व्होल्ट १६ मेगाहर्ट्झ आणि ३.३ व्होल्ट ८ मेगाहर्ट्झ. दिसायला दोन्ही सारखेच. आयडीईत, म्हणजे आर्डुइनोसाठी कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये, चुकीचा प्रकार निवडून स्केच (आर्डुइनोचा प्रोग्रॅम) चढवलं की घड्याळाचं गणित बिघडतं, यूएसबी ओळख देत नाही, आणि बोर्ड मेला असं वाटतं. तो मेलेला नसतो. रीसेटची पिन ग्राउंडला पाऊण सेकंदाच्या आत दोनदा टेकवली की बूटलोडर ८ सेकंद जागा राहतो. तेवढ्यात योग्य प्रकार निवडून पुन्हा अपलोड करायचं. आधी अपलोड दाबायचं, आयडीईचं कंपाइल संपून खाली अपलोड सुरू झाल्याची ओळ दिसली की मग रीसेट करायचं. उलट क्रमाने केलं तर कंपाइल होईपर्यंत ८ सेकंद उडून जातात. लिओनार्डोला एकदाच रीसेट पुरतो.

डिजिस्पार्क नावाचा बोर्ड स्वस्त आहे म्हणून लोक त्याच्या मागे लागतात, पण त्याच्या एटीटायनी८५ चिपमध्ये यूएसबीचं हार्डवेअरच नाही. सगळं संभाषण सॉफ्टवेअरने, पिना वरखाली करून चालतं. त्यामुळे दोन पथ्यं पाळावी लागतात. एक, नेहमीचं डिले, म्हणजे थांबायची आज्ञा, वापरायचं नाही, त्याच्या कीबोर्ड लायब्ररीतलंच (तयार कोडच्या संचातलंच) डिले वापरायचं. साधं डिले चालू असताना यूएसबीकडे बघणारं कोणी उरत नाही, आणि पीसी उपकरण सोडून देतो. दोन, सुरुवातीला शून्य क्रमांकाची एक रिकामी कळ पाठवायची, नाहीतर काही पीसींवर पहिली खरी कळ गळते. त्यातच पोर्टात घातल्यावर बूटलोडर काही सेकंद थांबतो आणि त्या काळात विंडोज अनोळखी उपकरणाचा आवाज करतं. चोरून काम करणाऱ्याने दारात घंटा वाजवावी तसा प्रकार. घरी शिकायला ठीक, ऑफिसात नको.

केबलचंही सांगून टाकतो. नव्या बोर्डाची ओळखच पटत नसेल तर ड्रायव्हरच्या मागे लागण्याआधी केबल बदलून बघा. मोबाइलबरोबर आलेल्या कित्येक केबलींत फक्त चार्जिंगच्या दोन तारा असतात, डेटाच्या नसतातच. दिवा लागतो, पोर्ट मात्र दिसत नाही.

आता कीबोर्ड नेमकं काय पाठवतो ते नीट कळायला हवं, कारण बहुतेक घोळ इथेच होतात. साधा यूएसबी कीबोर्ड दर वेळी ८ बाइटचा रिपोर्ट पाठवतो. पहिल्या बाइटात शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट वगैरेंचे बिट, दुसरा बाइट राखीव, आणि उरलेल्या सहा बाइटांत त्या क्षणी दाबलेल्या कळांचे क्रमांक. हे क्रमांक कळेच्या जागेचे असतात, अक्षराचे नसतात. हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या आकड्यांत, 'ए'ची जागा ०४, एंटर २८, कॅप्स लॉक ३९. त्या जागेवर कोणतं अक्षर उमटवायचं हे पीसीवर निवडलेला लेआउट, म्हणजे कळांची मांडणी, ठरवतो.

म्हणून आर्डुइनोच्या लायब्ररीला इंग्रजी 'हॅलो' टाइप करायला सांगितलं आणि समोरच्या पीसीवर मराठीचा इन्स्क्रिप्ट लेआउट चालू असेल, तर स्क्रीनवर 'पाततद' उमटतं. एचच्या जागी प, ईच्या जागी काना, एलच्या जागी त आणि ओच्या जागी द. बोर्डाने काहीही चुकीचं केलेलं नसतं. ब्रिटिश लेआउट असेल तर अवतरणचिन्ह आणि ॲट यांची अदलाबदल होते. याच कारणाने बोर्डाकडून थेट मराठी मजकूर टाइप करून घ्यायचा नाद सोडून द्यावा. त्यासाठी समोर इन्स्क्रिप्ट चालू असायला हवं, आणि ते चालू आहे की नाही हे आपल्या बोर्डाला कळायला मार्ग नाही.

या धंद्याची खरी मर्यादा हीच आहे. बोर्ड आंधळा आहे. समोर एक्सेल उघडं आहे, चॅट चालू आहे, की लॉगिनचा स्क्रीन आहे, त्याला काही दिसत नाही. त्यामुळे कोणती कळ वापरायची हे ठरवताना एकच कसोटी लावायची: ही कळ सगळ्यात वाईट जागी पडली तर काय होईल?

एंटर पहिल्या फटक्यात बाद. चॅटमध्ये अर्धवट लिहिलेलं वाक्य साहेबांना जातं, डायलॉग बॉक्समध्ये 'होय' दाबलं जातं. स्पेस निरुपद्रवी वाटतो, पण स्क्रीनवरचं एखादं बटण निवडलेलं असेल तर तोही ते बटण दाबतो. डिलीट आणि बॅकस्पेस तर बोलायलाच नकोत. एखादं सुटं अक्षर टाकायला काय हरकत आहे, असं वाटतं खरं. हरकत आहे. एक्सेलमध्ये भरलेला सेल निवडलेला असताना अक्षर पडलं आणि माणसाने दुसरीकडे क्लिक केलं, की सेलमधला जुना आकडा जाऊन तिथे ते अक्षर बसतं. तिमाहीच्या शीटमध्ये हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. जीमेलचे कीबोर्ड शॉर्टकट चालू असतील तर नुसत्या 'ई'ने मेल इनबॉक्समधून गायब होतो. एकटं ऑल्ट दाबलं तर मेनू जागा होतो आणि माणसाने टाइप केलेली पुढची अक्षरं मेनूच्या आज्ञा होऊन जातात. आवाज बंद करण्याची कळ क्लायंटचा कॉल चालू असताना लागली की खोडीचा विषय एचआरपर्यंत जातो.

या चाळणीतून तीन कळा खाली राहतात: कॅप्स लॉक, नम लॉक आणि स्क्रोल लॉक. तिन्ही स्वतःहून काही टाइप करत नाहीत, आणि पुन्हा दाबलं की सगळं पूर्ववत. यातली स्क्रोल लॉक फार जालीम. ती चालू असली की एक्सेलमध्ये बाणाच्या कळांनी सेल बदलत नाही, अख्खं शीट सरकतं, आणि हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपवर ही कळच नसते. म्हणजे कारण कळलं तरी बंद कशी करायची हा प्रश्न राहतोच. उत्तर असं की विंडोजच्या रन खिडकीत 'ओएसके' लिहून स्क्रीनवरचा कीबोर्ड उघडायचा आणि त्यातली स्क्रोल लॉकची कळ दाबायची. एक्सेलच्या तळपट्टीवर डाव्या बाजूला ती चालू असल्याचं लिहूनही येतं, फक्त तिथे कोणी बघत नाही. मात्र मार्चअखेरच्या आठवड्यात सीएच्या ऑफिसात हा प्रयोग करू नये. तिथे लोकांची विनोदबुद्धी १ एप्रिलनंतरच परत येते.

आम्ही कॅप्स लॉकच धरून पुढे जातो, कारण तिच्यात एक गुण आहे जो बाकीच्या दोघींत तितका नाही: माणसं ती स्वतः दाबतात. त्याकडे येतोच.

पहिलं स्केच लिहिताना, कळ दाबणाऱ्या ओळीच्याही आधी, सुरक्षेची पिन लिहायची. दोन नंबरची पिन इनपुट-पुलअप करायची, म्हणजे काही जोडलेलं नसताना ती आपोआप 'चालू' वाचली जाते. ती जंपरच्या तारेने ग्राउंडला जोडलेली असेल तर कीबोर्ड सुरूच करायचा नाही, नुसतं रिकाम्या लूपमध्ये, म्हणजे काही न करता गोल फिरत, बसायचं. शिवाय सुरुवातीला ५ सेकंदांचा डिले. हे नसलं तर काय होतं ते प्रत्येकाला लवकरच कळतं: बोर्ड ज्या पीसीवर प्रोग्रॅम करतो त्याच पीसीवर तो खोड्या करू लागतो, आयडीईतल्या कोडमध्येच अक्षरं घुसतात, आणि दुरुस्त केलेलं स्केच चढवायला उसंतच मिळत नाही. आता जंपर लावला की बोर्ड गरीब गाय, काढला की खोडकर.

दुसरा सापळा कळ सोडण्याचा. 'प्रेस' म्हणजे फक्त दाबणं. नंतर 'रिलीज' पाठवलं नाही तर पीसीच्या दृष्टीने ती कळ दाबलेलीच आहे, आणि अक्षराची कळ असेल तर त्याची रांग लागते. ती रांग कीबोर्ड पाठवत नसतो. दाबलेली कळ पुनःपुन्हा उमटवणं हे पीसीचं काम आहे, त्यामुळे बोर्ड शांत बसला तरी ती थांबत नाही. नम लॉक ५ सेकंद दाबून राहिली तर विंडोज टॉगल कीजचा डायलॉग समोर आणतं आणि पितळ उघडं पडतं. म्हणून दाबा, ८० मिलिसेकंद थांबा, सोडा, आणि वर एक 'रिलीज ऑल'.

आर्डुइनोच्या लायब्ररीत कॅप्स लॉकचा स्थिरांक हेक्स सी१, म्हणजे १९३ असा दिसतो आणि माणूस गोंधळतो, कारण यूएसबीच्या तक्त्यात तो ३९ आहे. हेक्स ३९ म्हणजे ५७. लायब्ररी साध्या नसलेल्या कळांसाठी मूळ क्रमांकात १३६ मिळवते. ५७ अधिक १३६ बरोबर १९३. जुन्या लायब्ररीत स्क्रोल लॉकचं नाव सापडलं नाही तर हाच हिशोब करायचा: ७१ अधिक १३६, म्हणजे २०७. चाचणीसाठी एफ१३ चांगली. तिचा क्रमांक २४०, आणि बहुतेक ठिकाणी ती काहीच करत नाही.

आता वेळेचं गणित. दर वीस मिनिटांनी कॅप्स लॉक दाबायचं म्हणून डिलेच्या कंसात २० गुणिले ६० गुणिले १००० लिहिलं, तर बोर्ड वीस मिनिटांऐवजी वीस सेकंदांनी दाबू लागतो. या चिपवर साधा पूर्णांक १६ बिटांचा, ३२,७६७ च्या पुढे त्याची मजल नाही. १६ बिटांचा एक पूर्ण फेरा ६५,५३६ चा; १२,००,००० मधून त्याचे अठरा घोट गेले की २०,३५२ उरतात, म्हणजे वीस सेकंद आणि थोडं. ५ मिनिटं लिहिली तर आणखी मजा. उत्तर उणे २७,६८० येतं, डिले त्याला धन संख्या समजतं आणि बोर्ड जवळपास ४९.७ दिवस झोपतो. खोडी चालतच नाही आणि कोडात तर काही चूक दिसत नाही. उपाय एवढाच की शेवटच्या हजारला 'यूएल' हे शेपूट लावायचं.

यादृच्छिक आकड्यांचंही तसंच. 'रँडम' दर वेळी बोर्ड चालू झाला की तीच माळ पुन्हा देतो. सेटअपमध्ये, म्हणजे स्केचच्या सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या भागात, मोकळ्या सोडलेल्या ए० पिनचं ॲनालॉग वाचन बीज (माळेचा सुरुवातीचा आकडा) म्हणून द्यायचं, म्हणजे सोमवारचा आणि मंगळवारचा ताल वेगळा पडतो.

एवढं जमलं की घड्याळावर चालणारा कॅप्स लॉक तयार होतो, आणि बहुतेक जण इथेच थांबतात. थांबू नये. घड्याळावर चालणाऱ्या खोडीत एक मोठा दोष आहे. पीसीच्या दृष्टीने कोणतीही कळ म्हणजे माणूस जागेवर आहे. ऑफिसच्या मशीनवर १० मिनिटांनी स्क्रीन आपोआप लॉक होत असेल आणि आपला बोर्ड दर ७ मिनिटांनी कॅप्स लॉक दाबत असेल, तर गिऱ्हाईक, म्हणजे ज्याची खोडी काढतोय तो, जेवायला गेलं तरी स्क्रीन उघडाच राहणार. ही गंमत राहत नाही, ती सुरक्षेतली भोकं पाडण्याची कामगिरी होते. अंतर वाढवून २५ मिनिटं केलं तर स्क्रीन लॉक होतो खरा, पण पुढची कळ लॉगिनच्या स्क्रीनवर पडते. माणूस परत येऊन पासवर्ड टाकतो, तो चुकतो, आणि चार-पाच वेळा चुकला की खातं बंद. मग आयटीला फोन.

यातून सुटायचं तर बोर्डाला निदान एक तरी डोळा द्यावा लागतो, आणि तो यूएसबीत आयता आहे. कॅप्स लॉकचा दिवा कीबोर्ड स्वतः लावत नाही. कॅप्स लॉक चालू झालं हे पीसी ठरवतो आणि कीबोर्डाला एक बाइटचा उलटा रिपोर्ट पाठवतो. त्यात शून्यावा बिट नम लॉकचा, पहिला कॅप्स लॉकचा, दुसरा स्क्रोल लॉकचा. विंडोज आणि लिनक्स हा रिपोर्ट जोडलेल्या सगळ्या कीबोर्डांना पाठवतात. म्हणजे गिऱ्हाइकाने स्वतःच्या कीबोर्डावर कॅप्स लॉक दाबलं की आपल्या बोर्डाला त्याच क्षणी कळतं. मग घड्याळाची गरजच उरत नाही. माणूस हजर असेल आणि त्याने स्वतः ती कळ दाबली असेल, तेव्हाच बोर्ड हलतो. स्क्रीन लॉक होण्यात अडथळा नाही, रिकाम्या खुर्चीसमोर काही घडत नाही.

आर्डुइनोच्या नेहमीच्या कीबोर्ड लायब्ररीतून दिव्यांचं वाचन थेट मिळत नाही. एचआयडी-प्रोजेक्ट नावाची लायब्ररी घ्यायची. तिच्यातल्या बूट-कीबोर्ड या वस्तूला 'गेट लेड्स' विचारलं की तो बाइट हातात येतो. नेहमीची कीबोर्ड लायब्ररी आणि ही एकाच स्केचमध्ये घालू नयेत, नावांची टक्कर होते.

तर्क वरवर सोपा: दिवा लागला की थोडं थांबून कॅप्स लॉक दाबायचं, म्हणजे ते बंद होईल. माणूस मोठ्या लिपीत तीन-चार अक्षरं लिहितो आणि पुढची छोटी पडतात. पण यातच तीन खड्डे आहेत.

पहिला: दिव्यातल्या प्रत्येक बदलावर हललो, तर आपणच बंद केलेला दिवाही बदलच असतो, त्यावर आपण पुन्हा दाबतो, आणि कॅप्स लॉक वेड्यासारखं उघडझाप करू लागतं. म्हणून फक्त बंदावरून चालूकडे जाणारा बदल पकडायचा.

दुसरा खड्डा जास्त खोल. कॅप्स लॉकची कळ चालू किंवा बंद करत नाही, उलट करते. दिवा लागल्यावर आपण २ सेकंद थांबलो आणि मधल्या वेळात माणसाने स्वतःच कॅप्स लॉक बंद केलं, तर आपल्या दाबण्याने ते चालू होईल. दाबण्याच्या अगदी आधी दिवा पुन्हा वाचायचा, आणि तो विझलेला असेल तर बेत रद्द. हे करायचं तर थांबण्यासाठी डिले चालत नाही, कारण डिलेच्या काळात बोर्ड काहीच बघत नाही. मिलिस, म्हणजे बोर्ड चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारी आज्ञा, वापरून 'अमुक वेळेला दाब' अशी खूण ठेवायची आणि लूप मोकळा फिरता ठेवायचा. वेळ तपासताना आत्ताच्या मिलिसमधून सुरुवातीचे मिलिस वजा करायचे. बेरीज करून तुलना केली तर ४९.७ दिवसांनी मोजणी शून्यावर येते तेव्हा घोळ होतो. एवढे दिवस खोडी चालणार नाही हे मान्य, पण सवय चांगली.

तिसरा: दर वेळी हललो तर माणसाला कळ खराब वाटते, तो कीबोर्ड बदलून घेतो आणि विषय संपतो. तिनातून एकदाच, तेही १५०० ते ४००० मिलिसेकंदांतलं कोणतंही अंतर धरून, एवढं पुरतं. कधी होतं, कधी होत नाही, आणि शेजाऱ्याला दाखवायला बोलावलं तर हटकून होत नाही. सगळी गंमत त्यातच आहे.

सुटकेचा दरवाजाही याच दिव्यातून काढायचा. ३ सेकंदांत दिव्याचे ६ बदल दिसले की बोर्डाने कायमचं गप्प व्हायचं. वैतागलेला माणूस नेमकं हेच करतो, कॅप्स लॉक खटाखट दाबून बघतो, म्हणजे तो आपोआप सुटतो. त्याच्या जोडीला एकूण संख्येची मर्यादा हवी. सहा खोड्या झाल्या की खलास. ही मोजणी रॅममध्ये ठेवली तर पीसी रीस्टार्ट झाला की शून्यावर येते, म्हणून ती ईईप्रॉमच्या पहिल्या बाइटात लिहायची. इथे दोन बारकावे. कोऱ्या ईईप्रॉममध्ये शून्य नसतं, २५५ असतं. ते शून्य धरलं नाही तर बोर्ड पहिल्या दिवसापासूनच 'सहा झाल्या' म्हणून गप्प बसतो. आणि बूटलोडरमार्फत नवं स्केच चढवल्याने ईईप्रॉम पुसली जात नाही. म्हणून जंपर लावलेला असताना मोजणी शून्य करायची ओळ स्केचमध्येच टाकून ठेवावी. ईईप्रॉमला सुमारे १,००,००० वेळा लिहिण्याची हमी असते, सहा खोड्यांनी तिचं काही बिघडत नाही. मात्र लूपच्या प्रत्येक फेरीत लिहू नका, बोर्ड मिनिटांत झिजेल.

हेच सगळं रास्पबेरी पाय पिको या दुसऱ्या बोर्डावर सर्किटपायथन या भाषेत केलं तर कोड निम्म्याने कमी होतो. ॲडाफ्रूटच्या एचआयडी लायब्ररीत दिव्याचं वाचन आयतंच आहे, पूर्णांकाची १६ बिटांची भानगडही नाही. पण पिको पीसीला जोडला की तो सर्किटपाय नावाचा ड्राइव्ह घेऊन दिसतो, खिडकी उघडते आणि बिंग फुटतं. बूट डॉट पाय या सुरुवातीलाच चालणाऱ्या फाइलमध्ये तो ड्राइव्ह बंद करता येतो, पण अट घालून: जीपी१५ पिन ग्राउंडला असेल तर ड्राइव्ह चालू ठेव. ही अट विसरली की आपल्यालाच तो ड्राइव्ह दिसत नाही, आणि बूटसेल बटण दाबून बोर्ड जोडून, फ्लॅश पुसणारी यूएफ२ फाइल टाकून सगळं पहिल्यापासून करायची वेळ येऊ शकते. बूट डॉट पायमधला बदल सॉफ्ट रीलोडने लागू होत नाही, बोर्ड काढून पुन्हा जोडावा लागतो.

मॅकवर हा प्रकार लंगडा पडतो. तिथे कॅप्स लॉकची अवस्था प्रत्येक कीबोर्डाची वेगळी ठेवली जाते, त्यामुळे आपल्या बोर्डाने काही केलं तरी गिऱ्हाइकाच्या कीबोर्डाला पत्ता नसतो. वर अनोळखी कीबोर्ड दिसला की मॅक 'डाव्या शिफ्टच्या शेजारची कळ दाबा' असं विचारणारी खिडकी उघडतो. मॅकवाल्यांना सोडून द्यावं. लिनक्सवर गिऱ्हाईक चालतं, पण प्रोग्रॅम करताना पोर्ट उघडत नसेल तर आपला युजर डायलआउट गटात घालावा लागतो, आणि मोडेम मॅनेजर नावाची सेवा नवा सीरियल पोर्ट दिसला की त्याला मोडेम समजून मधे तोंड घालते, ती तेवढ्यापुरती बंद करावी.

बसवण्याचं काम हलक्या हाताने करावं. प्रो मायक्रोचा मायक्रो-यूएसबी सॉकेट नुसत्या सोल्डरवर तगलेला असतो आणि आडवा ताण आला की बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्यांसकट उखडतो. सुरुवातीलाच त्याच्या दोन्ही बाजूंना एपॉक्सीचा ठिपका द्यावा, सॉकेटच्या तोंडात जाऊ न देता. बोर्डावरचा लाल दिवा मॉनिटरमागच्या अंधारात चांगलाच चमकतो, त्यावर काळी टेप. खालची बाजू टेबलाच्या लोखंडी पट्टीला टेकून शॉर्ट होऊ नये म्हणून पूर्ण बोर्ड हीट-श्रिंकच्या, म्हणजे गरम केल्यावर आवळणाऱ्या, नळीत घालावा, सुरक्षेच्या पिनची तार तेवढी बाहेर. जागा म्हणजे डॉकिंग स्टेशनचा मागचा पोर्ट किंवा मॉनिटरचा हब. मॉनिटर झोपला की काही हबांची वीज जाते, आणि म्हणूनही मोजणी ईईप्रॉममध्ये हवी.

उपकरणाचं नाव मात्र लपवू नये. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये लिओनार्डो स्वतःच्या नावाने आणि एका जादा सीरियल पोर्टसकट दिसतो. ते तसंच राहू द्यावं, किंवा बोर्डाच्या व्याख्येच्या फाइलमध्ये नावाच्या जागी 'ऑफिसातली गंमत, काढून टाका' अशा अर्थाचं काही लिहावं, पण रोमन लिपीत. यूएसबीला देवनागरी चालते, पण आर्डुइनोचा कोड एकेक बाइट सुटा पाठवतो आणि मराठी नावाचा चुरा होतो. नाव चोरून नामांकित कंपनीचा कीबोर्ड असल्याचं सोंग घेतलं, की पकडल्यावर गंमत होती हे कोणीही मानणार नाही.

पकडले जाण्याची शक्यता तर असतेच. विंडोज प्रत्येक नव्या उपकरणाची नोंद ठेवतं, आणि बऱ्याच कंपन्यांत नवा कीबोर्ड दिसला तरी सुरक्षा विभागाकडे इशारा जातो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटरशी केलेल्या छेडछाडीबद्दल आहे, आणि तेच अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सहकाऱ्याचा लॅपटॉप त्याचा नसतो, कंपनीचा असतो. त्यामुळे सहकाऱ्याशी कितीही दोस्ती असली तरी आयटीच्या माणसाला आणि टीमच्या साहेबांना आधी मेलवर विचारावं. आयटीवाले बहुधा हो म्हणतात, फक्त कोणत्या मशीनला आणि किती वाजेपर्यंत ते कळवायला सांगतात. बँकेचं काउंटर, हॉस्पिटल, सर्व्हर आणि थेट व्यवहार चालणारी मशिनं, इथे विचारूही नये.

गिऱ्हाइकाला कीबोर्ड बदलून मागायची वेळ येऊ देऊ नये. त्याने आयटीकडे तक्रार टाकली की त्याच क्षणी खोडी उघड करायची. बोर्ड परत घेतल्यावर जंपर लावून मोजणी शून्य करायची आणि त्याच बोर्डावर एक बटण सोल्डर करायचं: एक टोक तीन नंबरच्या पिनला, दुसरं ग्राउंडला. बटण दाबलं की एफ१३ जाईल एवढं स्केच टाकलं, मग विंडोजमध्ये ऑटोहॉटकी या सॉफ्टवेअरने एफ१३ला मीटिंगमधला माइक बंद-चालू करण्याचा शॉर्टकट जोडला, की झालं. बटणाचा संपर्क दाबताना थरथरतो आणि एका दाबाचे दोन-तीन दाब होतात, त्यामुळे पहिल्या बदलानंतर ३० मिलिसेकंद बाकीचे बदल सोडून द्यावेत. बहुतेक वेळा ज्याची खोडी काढली तोच हे बटण मागून नेतो.